नाटकातला रंगेल संभाजी आणि शृंगारपूरच्या येसूबाई



इंग्रजीत कादंबरीचा एक लोकप्रिय प्रकार आहे. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे जाता येईल. नायक एखादा तरुण उमराव. घराणं मोठं, पैसा भरपूर, वागणं बेताल. जुगार, दारू, बायका, सगळं करून झालेलं. मग त्याच्या आयुष्यात एक मुलगी येते. हुशार, करारी, त्याला फारशी न जुमानणारी. तो तिच्या प्रेमात पडतो आणि प्रेमात पडता पडता माणसात येतो. शेवटी लग्न. अशा नायकाला इंग्रजीत 'रेक' म्हणतात. सॅम्युअल रिचर्डसनची 'पॅमेला' ही कादंबरी १७४० साली आली. तिच्यातला नायक असाच सुधारतो. पण त्याच रिचर्डसनने पुढे 'क्लॅरिसा' लिहिली, आणि तिच्यातला लव्हलेस मात्र सुधारत नाही. सुधारलेला रंगेल माणूस सर्वांत चांगला नवरा होतो, ही लोकांची समजूत रिचर्डसनला मोडायची होती. समजूत काही मोडली नाही. विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर या लेखिकेने हा साचा इतका पक्का केला की आजही अशा कादंबऱ्या ढिगाने निघतात आणि खपतात.

१७४० म्हणजे आपल्याकडे थोरले बाजीराव रावेरखेडीला गेले ते साल. हे जाता जाता सांगितलं. विषय बाजीरावांचा नाही.

अशा माणसाला मराठीत शब्द कमी नाहीत. रंगेल, छंदीफंदी, ख्यालीखुशालीचा, बाहेरख्याली. शब्दांची एवढी श्रीमंती असूनही हा नायक मराठी ऐतिहासिक कादंबरीत शोधायला गेलं तर सापडत नाही. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ सालची, ती आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. तिथून हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाला'पर्यंत या, तिथून पुढे रणजित देसाईंच्या 'स्वामी'पर्यंत या. नायक शूर आहेत, कर्तव्यकठोर आहेत, एकनिष्ठ आहेत. 'स्वामी'तले माधवराव आणि रमाबाई म्हणजे तर आदर्श संसार. इनामदारांच्या 'राऊ'त प्रेम आहे, ते जगावेगळंही आहे, पण बाजीराव तिथे रंगेल म्हणून येत नाहीत. एका स्त्रीवर जीव जडलेला आणि घरच्यांनी अडवलेला माणूस म्हणून येतात.

एकच माणूस असा आहे की ज्याला आपल्या नाटकांनी, सिनेमांनी आणि त्याआधी बखरींनी हा रंगेलपणा चिकटवला आणि शंभरावर वर्षं तो निघाला नाही. छत्रपती संभाजी महाराज. आणि हे आपण कुठे बोलतोय? वाघोलीत. इथून नगर रस्त्याने लोणीकंदला जायचं, तिथून फुलगावकडे वळायचं, की तुळापूर. भीमा-इंद्रायणीचा संगम. ११ मार्च १६८९ ला महाराजांचा अंत झाला तो याच मुलखात. त्यामुळे या गावात हा विषय काढायचा तर जबाबदारीने काढला पाहिजे. आज बोलताना आपण एक सोय करून घेऊ. 'नाटकातला संभाजी' असं म्हटलं की ते पात्र, लेखकाने घडवलेलं. 'संभाजी महाराज' म्हटलं की तो इतिहासातला माणूस. ही दोन माणसं आहेत. त्यांची सरमिसळ झाली म्हणूनच सगळा घोळ झाला.

आता हे पात्र घडलं कसं ते बघू.

पहिलं साधन खाफीखानाचं. हा मोगलांकडचा इतिहासकार, लिहितोय १७३०च्या दशकात, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी. संगमेश्वरला महाराज पकडले गेले त्याचं वर्णन तो करतो. कवी कलशाने तिथे वाडे-बागा उठवल्या होत्या, तिथे दारू आणि ऐषआराम चालला होता, आणि त्या गाफीलपणात मुकर्रबखानाने येऊन गाठलं, असं त्याचं म्हणणं. विजयी पक्षाचा माणूस पराभूताबद्दल असंच लिहिणार, यात नवल नाही.

दुसरं साधन घरचं. मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ही १८१०च्या आसपासची, म्हणजे एकशेवीस वर्षांनंतरची. या चिटणीस घराण्याचे मूळ पुरुष बाळाजी आवजी, शिवाजी महाराजांचे चिटणीस. १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धचा कट उघडकीला आला, तेव्हा अण्णाजी दत्तोंबरोबर बाळाजी आवजींनाही देहान्ताची शिक्षा झाली. आता त्याच घराण्यातला वंशज जेव्हा त्या राजाचा इतिहास लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या लेखणीत घरातलं दुःख उतरणारच. आम्ही याला कारस्थान म्हणत नाही. चार पिढ्या घरात बोललं गेलेलं गाऱ्हाणं कागदावर आलं, एवढंच. पण तो कागद मग पुरावा ठरला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. त्यात बखरींचं आणि मोगली तवारिखांचं एकत्र रसायन झालं, आणि आपल्याकडची शिकलेली पहिली पिढी हाच इतिहास वाचून मोठी झाली.

बघा हं, शत्रू म्हणतो विलासी, घरचा म्हणतो विलासी, इंग्रज म्हणतो विलासी. तीन साक्षीदार झाले. वाटतं, म्हणजे खरंच असणार. पण तिसरा साक्षीदार पहिल्या दोघांचंच ऐकून बोलतोय आणि दुसऱ्याला स्वतःचं दुखणं आहे, हे तपासायला आपण विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत थांबलो.

तोवर नाटककारांना मोठं घबाड मिळालं होतं. विचार करा, रंगभूमीला काय हवं असतं? पुण्यवान बाप, बिघडलेला मुलगा, आणि शेवटी असा मृत्यू की ज्याने सगळं धुऊन निघावं. गोदावरी, तुळसा, कमळा अशा एकेका स्त्रीचं नाव महाराजांशी जोडलं गेलं. भालजी पेंढारकरांनी 'थोरातांची कमळा' १९४१ मध्ये पडद्यावर आणला. वि. ह. औंधकरांचं 'बेबंदशाही' १९२४ चं. आणि या सगळ्यात वजनदार नाव राम गणेश गडकऱ्यांचं. त्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला ते गेले, आणि नाटक त्यांच्या मागे छापलं गेलं. अपुरं असूनही त्याची भाषा अशी जबरदस्त आहे की लोकांनी त्यातली भाषणं पाठ केली. नाटकातला संभाजी तुळसेच्या मोहात अडकलेला आहे, आणि अखेरीस शत्रूच्या कैदेत त्याला पश्चात्ताप होतो.

इथे थोडं थांबू, कारण आजच्या विषयाचं मर्म इथे आहे.

इंग्रजी कादंबरीतला रंगेल नायक आणि गडकऱ्यांचा संभाजी, दोघेही सुधारतात. पण सुधारतात कशाने? इंग्रजी नायक प्रेमाने सुधारतो. नाटकातला संभाजी प्रेमाने बिघडतो आणि साखळदंडांनी सुधारतो. बाई हा तिथे रोग आहे, औषध नाही. औषध मृत्यू.

हे एकट्या गडकऱ्यांचं नाही. आपल्याकडे माणूस सुधारण्याच्या जुन्या गोष्टी आठवा. वाल्या कोळी. त्याला नारद भेटतात, तो घरी जाऊन बायकोला विचारतो, माझ्या पापात वाटेकरी होशील का? ती नाही म्हणते. त्या एका नकाराने त्याचे डोळे उघडतात. म्हणजे निर्णायक वाक्य बायकोचं आहे! पण पुढे काय होतं? तो वारुळात जाऊन बसतो. तुलसीदासांची गोष्ट तशीच. बायको रत्नावली टोचून बोलते आणि तुलसीदास घर सोडतात. बिल्वमंगल आणि चिंतामणी, तेच. बाई त्याला शुद्धीवर आणते, आणि शुद्धीवर आलेला माणूस पहिलं काम करतो ते तिला सोडून जाण्याचं. सुधारून तिच्याजवळ राहिला, नीट संसार केला, अशी गोष्ट आपल्याला फारशी रंगवावीशी वाटली नाही. गडकऱ्यांच्याच 'एकच प्याला'त सिंधू किती सोसते. सुधाकर सुधारतो का? नाही. तिच्या प्रेमाची ताकद सोसण्यात दाखवली आहे, बदलण्यात नाही.

म्हणून नाटकातल्या संभाजीला प्रेयसी दिली ती मोहात पाडण्यापुरती. आणि बायको? येसूबाई? ती घरी, डोळे पुसत.

आता दुसऱ्या माणसाकडे, इतिहासातल्या संभाजी महाराजांकडे येऊ.

वा. सी. बेंद्रे यांनी जवळजवळ आयुष्यभर कागद धुंडाळले आणि १९६० मध्ये 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ दिला. डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' १९७१ मध्ये आला. या दोघांनी बखरीतल्या गोष्टींना तारखा लावून पाहिल्या. तारखा लावल्या की गोष्टी कोलमडतात. नाटकातल्या प्रेयसींना समकालीन कागदांत आधार सापडत नाही. आमचं मत विचाराल तर बेंद्रे कधी कधी वकिलाच्या आवेशात लिहितात, आणि इतकी वर्षं एकतर्फी खटला चालल्यावर तो आवेश समजण्यासारखा आहे. पण हातात एकच पुस्तक घ्यायचं असेल तर गोखल्यांचं घ्या. त्या आरोपही पुरता मांडतात आणि मग तोलतात.

एकच उदाहरण घेऊ. संगमेश्वरचं. खाफीखान म्हणतो ऐषआराम. जेधे शकावली उघडली तर वेगळाच क्रम दिसतो. १६८८ च्या अखेरीस शिर्क्यांनी कवी कलशावर चाल केली, कलश विशाळगडावर पळाला, महाराज त्याच्या मदतीला रायगडाहून निघाले, शिर्क्यांशी लढाई झाली. म्हणजे महाराज त्या भागात गेले ते भांडण मिटवायला, तलवार घेऊन. त्यानंतर १ फेब्रुवारी १६८९ ला मुकर्रबखानाने गाठलं. जागा तीच, ऋतू तोच. पण एका कागदात बागबगीचे आणि दुसऱ्यात लढाई. रंगेल नायक असा तयार होतो. माणूस कुठे होता हे खरं असतं, कशासाठी होता हे कोणीतरी भरतं.

आणि हे शिर्के कोण? शृंगारपूरचे. येसूबाईंच्या माहेरचे. म्हणजे नवऱ्याच्या पकडीच्या आधीचे शेवटचे काही आठवडे या बाईचं सासर आणि माहेर एकमेकांवर शस्त्र उपसून उभं होतं. नाटककाराला आणखी काय पाहिजे होतं? तुळसा कशाला शोधत बसले?

शृंगारपूर संगमेश्वर तालुक्यात आहे, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी, वर प्रचितगड. नावावर जाऊ नका, गाव डोंगरकुशीतलं आहे. १६७६ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोठ्या स्वारीवर गेले. युवराजांना बरोबर नेलं नाही, रायगडावरही कारभार सोपवला नाही. सावत्र आई सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्याशी त्यांचं पटत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. संभाजी महाराज शृंगारपूरला राहिले. वय एकोणीस-वीस. राजधानीपासून दूर, सासुरवाडीच्या गावात, बरोबर येसूबाई, भोवती पंडित आणि कवी. 'बुधभूषण' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ आहेच. शिवाय ब्रजभाषेतले 'नखशिख', 'नायिकाभेद' हे ग्रंथ नृपशंभू या नावाने त्यांचे म्हणून ओळखले जातात. आता गंमत बघा. 'नायिकाभेद' हे नाव ऐकलं की कोणीतरी म्हणतं, पाहा, होताच ना रंगेल! अहो, नायिकाभेद हा त्या काळच्या रीतिकाव्यातला ठरलेला पाठ आहे. नायिकेचे प्रकार, तिच्या अवस्था, त्यांची लक्षणं. उत्तरेतला प्रत्येक दरबारी कवी तो गिरवत होता. व्याकरण लिहिणाऱ्याला आपण वाचाळ म्हणत नाही.

पण आम्ही इथे महाराजांना निर्दोष ठरवून मोकळे होणार नाही. त्यांच्या आयुष्यात एक खरी चूक आहे. तारखेसकट आहे. १३ डिसेंबर १६७८ ला ते परळीहून निघाले आणि दिलेरखानाला जाऊन मिळाले. स्वराज्याचा युवराज मोगलांच्या छावणीत. १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला तेव्हा ते छावणीत होते, आणि तिथल्या पकडलेल्या माणसांचे हात तोडले गेले. पुढे विजापूरच्या मुलखात तिकोटा, अथणी लुटली गेली. अथणीवरून दिलेरखानाशी त्यांचं बिनसलं, त्यांना कैद करून पाठवावं असा बादशहाचा विचारही चालला होता. नोव्हेंबरात ते निसटले आणि डिसेंबरात पन्हाळ्याला परत आले. शिवाजी महाराज तिथे येऊन त्यांना भेटले. तीन महिन्यांनी, ३ एप्रिल १६८० ला, वडील गेले.

हे वर्ष, डिसेंबर ते डिसेंबर, म्हणजे चुकलेल्या आणि परतलेल्या तरुणाची खरीखुरी कथा आहे. त्यात मद्य नाही, मदिराक्षी नाही. दुखावलेला मुलगा आहे, घरातली तेढ आहे, शत्रूच्या बाजूला जाऊन बसल्यावर समोर काय घडतं ते पाहणं आहे, आणि परत फिरणं आहे. परत फिरल्यावरची नऊ वर्षं कशी गेली? मोगल, सिद्दी, पोर्तुगीज, अंगावर एकाच वेळी. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरलेला. त्यात तडजोड करून सुटण्याची संधी त्यांनी घेतली नाही. शेवटी तुळापूर. माणूस सुधारला म्हणायचं तर याहून मोठा दाखला कुठला?

पण ही चूक रंगभूमीला अडचणीची वाटली असणार. राजकीय चूक दाखवायची तर घरातलं राजकारण दाखवावं लागतं, शिवाजी महाराजांच्या निर्णयांनाही हात लावावा लागतो. त्यापेक्षा बाईचा मोह बरा. प्रेक्षकाला लगेच कळतो, आणि दोष एकट्या मुलाच्या पदरात पडतो. वसंत कानेटकरांना याचं श्रेय दिलं पाहिजे की 'रायगडाला जेव्हा जाग येते' या १९६२ च्या नाटकात त्यांनी बाप-लेकाच्या नात्याला हात घातला. 'इथे ओशाळला मृत्यू' त्यानंतरचं, १९६८ चं. वारं बदलत होतं.

पुढे कादंबरीचा काळ आला. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची. विश्वास पाटलांची 'संभाजी' २००५ ची. 'छावा'ने घराघरात काम केलं, हे मान्य करायलाच हवं. इतिहासाचे जाड ग्रंथ किती लोक वाचतात? बेंद्रे-गोखल्यांनी कागदावर जिंकलेला खटला कादंबरीने लोकांच्या मनात जिंकला. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही पंचविशीतल्या मुलाला विचारा, नाटकातला संभाजी त्याला माहीतही नसतो. एका अर्थाने फार मोठं काम झालं.

पण लंबक परत फिरला तो पार दुसऱ्या टोकाला. ज्याच्यावर बायकांचा खोटा आळ होता, त्याच्या आसपास आता स्वतःची बायकोही मोकळेपणाने चालेनाशी झाली. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून काढून मुठेत टाकला गेला. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकाचा राग. त्या नाटकाशी आमचं काय भांडण आहे ते सांगून झालं, पण नाटकाला उत्तर ग्रंथाने द्यायचं असतं, आणि ते बेंद्र्यांनी १९६० मध्येच दिलं होतं. नंतर जानेवारी २०२५. 'छावा'वरच्या हिंदी चित्रपटाची झलक आली, तिच्यात महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसत होते. आक्षेप आले, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. राजाने नाचावं की नाही, लेझीम हा नाच की खेळ, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. आमच्या लक्षात राहिली ती वेगळी गोष्ट. त्या दृश्यात परकी बाई नव्हती. लग्नाची बायको होती. पंचविशीतला राजा आपल्या राणीबरोबर आनंदात आहे, एवढंच ते दृश्य होतं.

पूर्वी त्यांना खोटी प्रेयसी दिली, आता खरी पत्नीही दोन पावलं लांब उभी केली. दोन्ही वेळेला येसूबाईंचीच जागा गेली.

आणि या येसूबाई नुसत्या पडद्याआडच्या राणीसाहेब नव्हेत. महाराज मोहिमेवर असताना रायगडावर त्यांच्या शब्दाला कारभारात मान होता. त्यांच्या नावे चालणाऱ्या शिक्क्यात 'श्री सखी राज्ञी जयति' असे शब्द होते असं सांगतात. त्यातल्या 'सखी' या शब्दाकडे बघा. राज्ञी हा हुद्दा झाला. सखी हा हुद्दा नाही. सतराव्या शतकातल्या कारभाराच्या शिक्क्यात हा शब्द बसवायला कोणाला तरी तसं वाटलं असलं पाहिजे. प्रेमकथा लिहिणाऱ्याला हा एक शब्द पुरेसा आहे. शृंगारपूरची दोन वर्षं आहेत, मधे दिलेरखानाकडचं ते वर्ष आहे, परत आल्यावर पहिल्या भेटीत काय बोलणं झालं असेल, हे आहे. कादंबरीकाराला कल्पनेची मुभा असते ती अशाच जागांसाठी. तारखांच्या मधे ज्या मोकळ्या जागा असतात, तिथे. तारखा मोडून नाही.

आणि तुळापूरनंतरचं? मार्च १६८९. येसूबाई रायगडावर. मुलगा शाहू सात वर्षांचाही नाही. गडाला वेढा पडत होता. तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला गादीवर बसवण्याचा हट्ट धरला नाही. राजारामांनी बाहेर पडावं, सगळे एका जागी सापडू नयेत, आणि आपण मुलासह गडावर राहावं, हा निर्णय झाला, आणि त्यात त्यांचा शब्द मोठा होता. राजाराम एप्रिलमध्ये गडाबाहेर पडले, पुढे जिंजीला गेले. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि शाहू कैद झाले.

इथे आपण साधारण गोष्ट संपवतो. कैद झाले, शाहू १७०७ मध्ये सुटले, मराठ्यांचा इतिहास पुढे चालू. पण शाहू सुटले तेव्हा येसूबाई सुटल्या नाहीत. त्या ओलीस राहिल्या. औरंगजेब मेला, त्याच्यानंतर दिल्लीच्या तख्तावर एकामागून एक माणसं आली आणि गेली. येसूबाई तिकडेच. बाळाजी विश्वनाथ मराठी फौज घेऊन दिल्लीला गेले, सय्यद बंधूंशी करार झाला, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, आणि त्या स्वारीबरोबर १७१९ मध्ये येसूबाई साताऱ्याला परत आल्या. शाळेच्या पुस्तकात सनदांवर चार ओळी असतात आणि राणीवर अर्धी.

१६८९ ते १७१९. हिशोब करा, तीस वर्षं होत आली. नवऱ्याबरोबरचा संसार जेमतेम तेवढाही झाला नव्हता. विशीत ज्या मुलखात त्या दोघं राहिले होते, तिथे आता माहेरच्यांचं सासरशी वैर होऊन गेलेलं. ज्याने शिक्क्यात 'सखी' लिहू दिलं तो माणूस जाऊन तीस वर्षं. साताऱ्याच्या राजवाड्यात समोर आला तो सदतीस वर्षांचा मुलगा, ज्याला त्यांनी बारा वर्षांपूर्वी माळव्याच्या वाटेवर शेवटचं जाताना ऐकलं होतं किंवा पाहिलं होतं. पालखी साताऱ्यात शिरली तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते.

आपल्याकडे वेळ थोडा आहे, आणि तुळापूरला संध्याकाळच्या आत पोचायचं असेल तर लोणीकंदच्या चौकातली गर्दी लक्षात घ्यावी लागते. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.